गर्दी किती, हा अपुरा प्रश्न: साथीच्या काळातील तीन जमाव

१/
१२ एप्रिल १८६७. हरिद्वारचा कुंभमेळा, मुख्य स्नानाचा दिवस. गंगेच्या काठी जमलेल्या यात्रेकरूंची संख्या समकालीन सरकारी अंदाजानुसार तीस लाखांच्या घरात होती. मेळ्यासाठी नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मात्र चिंतेचे कारण दिसत नव्हते. तिथल्या इस्पितळांत पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, रुग्ण बोटांवर मोजण्याइतकेच आले होते. पुढच्या तीन दिवसांत मैदान रिकामे झाले आणि त्यानंतर उत्तर हिंदुस्थानातील रस्त्यांवर माणसे मरू लागली.

२/
साथ दाराशी आली असताना लोकांना एकत्र जमू द्यावे का? जमू दिले तर धोका किती? हा प्रश्न २०२० साली आपल्याला नवा वाटला, परंतु तो किमान दीडशे वर्षे जुना आहे. आजच्या धाग्यात तीन रोग आणि तीन जमाव पाहू: पटकी आणि हरिद्वार, प्लेग आणि मुंबई इलाखा, इन्फ्लुएन्झा आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया. धोक्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी प्रत्येक वेळी काय मोजले आणि काय मोजायचे राहून गेले, हे त्यातून शोधायचे आहे.

३/
आधी हरिद्वारची पार्श्वभूमी. १८६५ साली हजच्या काळात मक्केत पटकीची साथ उसळली. समकालीन अंदाजानुसार सुमारे ९०,००० यात्रेकरूंपैकी १५,००० दगावले. परतणाऱ्यांबरोबर रोग सुएझ, अलेक्झांड्रिया आणि तिथून युरोपच्या बंदरांत पोहोचला. घाबरलेल्या युरोपीय राष्ट्रांनी १८६६ साली कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद भरवली. पटकीचे मूळ घर हिंदुस्थान असून तेथील तीर्थयात्रा हे तिच्या प्रसाराचे एक प्रबळ कारण आहे, असा निष्कर्ष त्या परिषदेने काढला. पुढच्याच वर्षी कुंभ येत होता.

४/
म्हणजे १८६७ चा मेळा बेसावधपणे भरलेला नव्हता. साऱ्या जगाचे लक्ष आपल्यावर आहे, याची इंग्रज सरकारला जाणीव होती. मैला पुरण्यासाठी चर खणले गेले, सफाईची माणसे नेमली गेली, पोलीस आणि इस्पितळे यांची व्यवस्था झाली. त्या काळी पुष्कळ डॉक्टर रोगाचे कारण दुर्गंधी आणि दूषित हवा हेच मानत. त्या मापाने पाहिल्यास मैदान खरोखरच स्वच्छ होते.

५/
धोका हवेत नव्हताच. यात्रेकरूंच्या स्नानासाठी गंगेच्या पात्रात कठडे घालून एक जागा राखली होती. तिची लांबी सुमारे ६५० फूट आणि रुंदी सुमारे ३० फूट. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत माणसांचा लोंढा त्या चिंचोळ्या पट्ट्यातून जात राहिला. तिथेच अंग धुतले जाई, कपडे धुतले जात, आप्तांच्या अस्थी विसर्जित होत. आणि प्रत्येक भाविक बुडी मारल्यावर तेच पाणी तीर्थ म्हणून प्राशन करी.

६/
त्यात ११ एप्रिलच्या रात्री वादळी पाऊस कोसळला. उघड्यावर पडलेली माणसे भिजली आणि चरांतील मैला नदीकडे वाहून गेला. जो उपाय कागदावर चोख होता, तो एका रात्रीत रोगाचा वाटाड्या झाला. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा लाखो लोक त्याच पाण्यात उतरले.

७/
आता काळाचे अंतर लक्षात घ्या. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत अवधी जातो. १२ तारखेला पाणी प्यायलेला मनुष्य १५ तारखेला आपल्या गावाच्या वाटेवर होता. तो आजारी पडला तो एखाद्या धर्मशाळेत, विहिरीकाठी किंवा बैलगाडीत. मेळ्याच्या दफ्तरात त्याची नोंद निरोगी यात्रेकरू अशीच राहिली.

८/
रोग यात्रेकरूंच्या पावलांच्या वेगाने पसरत गेला. वायव्य प्रांत, पंजाब, पेशावर आणि पुढे अफगाणिस्तान. समकालीन अंदाज लाखाहून अधिक मृत्यूंचा आहे. मेळ्याच्या मैदानात मात्र त्यांपैकी फारच थोडे झाले. गर्दीची जागा निरोगी होती आणि गर्दीची परतीची वाट रोगट, हे हरिद्वारचे पहिले शिक्षण. अधिकाऱ्यांनी जागा मोजली होती, वाट मोजली नव्हती.

९/
दूषित पाण्यातून पटकी पसरते, हे जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील साथीचा माग काढून १८५४ मध्येच दाखवले होते. तरीही हिंदुस्थानातील वरिष्ठ आरोग्य अधिकाऱ्यांत त्यावर कित्येक वर्षे वाद चालू राहिला. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात येऊन पटकीचा जंतू ओळखला तो १८८४ साली. रोगाची वाट ठाऊक नसेल तर धोक्याचा दोष गर्दीच्याच माथी जातो. मग सरकारपुढे दोनच पर्याय उरतात: यात्रा चालू द्यावी की मोडावी.

१०/
१८५७ च्या उठावानंतर धर्मात हस्तक्षेप न करण्याची ग्वाही राणीच्या जाहीरनाम्याने दिली होती. त्यामुळे सरसकट बंदी घालण्याचे धाडस सरकारला होईना. १८९२ साली हरिद्वारच्या महावारुणी पर्वाच्या वेळी मात्र पटकी दिसताच यात्रा मोडून लोकांना माघारी धाडण्यात आले. त्यावर हिंदी वृत्तपत्रांतून तीव्र टीका झाली. लोकांनी जमावे की नाही यावर वाद रंगला. त्यांना निर्धोक पाणी प्यायला कोण देणार, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला.

११/
आता दुसरा रोग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची वस्ती. तेव्हाची मराठी वृत्तपत्रे या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणत. काही महिन्यांतच लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला.

१२/
या कायद्याने सरकारला माणसे अडवण्याचे, तपासण्याचे आणि वेगळी ठेवण्याचे व्यापक अधिकार दिले. रेल्वे स्थानकांवर उतारूंना उतरवून काखेत आणि जांघेत गाठ आहे का, हे पाहिले जाऊ लागले. त्याच वर्षी हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक थांबवण्यात आली. पुण्यात रँड यांच्या समितीने घरझडतीचा जो मार्ग धरला, त्याने उसळलेला संताप आणि त्याची परिणती सर्वांना ठाऊक आहे. माणसांचा जमाव आणि माणसांचा प्रवास हाच धोका, हे या साऱ्यामागचे गृहीतक.

१३/
रोगाची वाट पुन्हा भलतीच निघाली. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमोंद यांनी उंदराच्या पिसवेतून प्लेग पसरतो, हे प्रयोगाने दाखवले. त्यांच्यावर विश्वास ठेवायला वैद्यकीय जगाला वेळ लागला. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने तपशीलवार प्रयोग केले, तेव्हा ही गोष्ट निर्विवाद झाली. उंदीर मेला की उपाशी पिसवा दुसरे रक्त शोधतात, आणि जवळ माणूस असेल तर त्याला चावतात.

१४/
याचा अर्थ असा की गाठीच्या प्लेगात माणसाला माणसाकडून फारसा धोका नसतो. फुप्फुसाचा प्लेग वेगळा. तो श्वासातून पसरतो, परंतु मुंबई इलाख्यात प्रामुख्याने गाठीचाच प्लेग होता. मोकळ्या मैदानातल्या हजार माणसांच्या कीर्तनापेक्षा वखारीशेजारच्या खोलीत झोपलेली चार माणसे अधिक धोक्यात होती. खरा प्रवास धान्याच्या पोत्यांतून फिरणाऱ्या उंदीर-पिसवांचा होता आणि उतारूची काख चाचपून तो सापडण्यासारखा नव्हता.

१५/
सामान्य माणसाला यातले काही कळत नव्हते असे मानू नये. गढवाल-कुमाऊंच्या पहाडात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव रिकामे करून बाहेर राहायला जात, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळतात. महाराष्ट्रातही गाव सोडून रानात झोपड्या टाकल्याच्या आठवणी घराघरांत ऐकायला मिळतात. माणसे एकत्रच राहत. ती घरातल्या उंदरांपासून दूर जात. गर्दी तेवढीच, धोका मात्र कमी.

१६/
तरीही जमावाविषयीचा संशय टिकून राहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पंढरीच्या पालख्यांकडे सरकारी यंत्रणा प्लेगच्या वाहक म्हणून पाहत होती. या भीतीत तथ्य अजिबात नव्हते, असेही म्हणता येणार नाही. कपडे, अंथरूण आणि शिधा यांतून पिसवा प्रवास करू शकतात. शिवाय आषाढात दूषित पाण्यामुळे होणाऱ्या पटकीचा धोका पंढरपुरात खराच होता. पण दोन वेगळ्या रोगांचे दोन वेगळे धोके एकाच ‘यात्रा’ या शब्दात कोंबले गेले, आणि उपायही तसेच सरसकट झाले.

१७/
तिसरा रोग मात्र खरोखर श्वासाचा होता. १९१८ चा इन्फ्लुएन्झा. खोकला, शिंक, बोलणे, एका खोलीतली हवा यांतून तो पसरे. इथे माणसांची जवळीक हाच रोगाचा मार्ग होता. म्हणजे गर्दीला घाबरण्याचे खरे कारण पहिल्यांदाच समोर आले. आणि नेमक्या याच वेळी, समुद्रापलीकडच्या एका मोठ्या शहराने गर्दीला परवानगी दिली.

१८/
फिलाडेल्फिया, सप्टेंबर १९१८. पहिले महायुद्ध सुरू होते. ७ सप्टेंबरला बोस्टनहून ३०० खलाशी शहरातील नौदल तळावर आले. बोस्टनमध्ये साथ पसरलेली होती. थोड्याच दिवसांत तळावरचे शेकडो खलाशी आजारी पडले आणि शहरातही रुग्ण दिसू लागले. २८ सप्टेंबरला युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी भव्य मिरवणूक ठरलेली होती. शहराने ठरावीक रकमेचे रोखे विकलेच पाहिजेत, असा वरून दबाव होता.

१९/
निर्णय आरोग्य संचालक विल्मर क्रुसेन यांच्या हाती होता. मिरवणूक रद्द करावी, असे काही डॉक्टरांनी बजावले होते. क्रुसेन स्वतः डॉक्टर होते. त्यांना धोका समजतच नव्हता असे नाही. पण एका पारड्यात युद्धाचे उद्दिष्ट, देशभक्तीचा ज्वर आणि लोकांत घबराट पसरण्याची भीती होती. दुसऱ्या पारड्यात अजून न झालेले मृत्यू होते. न झालेल्या मृत्यूंचे वजन काट्यावर दिसत नाही. मिरवणूक निघाली. सुमारे दोन लाख लोक रस्त्याच्या दुतर्फा दाटीवाटीने उभे राहिले.

२०/
तीन दिवसांत शहरातील एकतीसही इस्पितळांत खाटा उरल्या नाहीत. ३ ऑक्टोबरला शाळा, चर्च, नाट्यगृहे बंद करण्याचा आदेश निघाला. १० ऑक्टोबर या एका दिवशी ७५९ माणसे मेली. सहा आठवड्यांत बळींचा आकडा १२,००० च्या वर गेला. शवपेट्या मिळेनात, कबरी खणायला माणसे मिळेनात.

२१/
याच काळात सेंट लुईस शहराचे आरोग्य आयुक्त मॅक्स स्टार्कलॉफ यांनी नागरी वस्तीत पहिले रुग्ण आढळल्यावर दोनच दिवसांत, ७ ऑक्टोबरला, सार्वजनिक जमाव बंद केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन शहरांची तुलना आहे. साथीच्या शिखरावर आठवड्याचा अतिरिक्त मृत्युदर लाखामागे फिलाडेल्फियात २५७ आणि सेंट लुईसमध्ये ३१ होता. पुढे निर्बंध सैल केल्यावर सेंट लुईसलाही दुसरा तडाखा बसला, तरी एकूण हानी बरीच कमी राहिली.

२२/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबायला हवे. ‘एका मिरवणुकीने बारा हजार माणसे मारली’ हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण ते तेवढे सरळ नाही. साथ शहरात आधीच शिरली होती. युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी आलेल्या मजुरांनी घरे खच्चून भरली होती. शिवाय जमावबंदीचा आदेश निघायला ऑक्टोबर उजाडला. पिट्सबर्गचा मृत्युदर तर फिलाडेल्फियाहूनही जास्त होता. मिरवणुकीने आगीत तेल ओतले. आग लागलेली होती.

२३/
मिरवणुकीचा दोष किती, हे नेमके सांगता येणार नाही. क्रुसेन यांच्या अंदाजाचा दोष मात्र सांगता येतो. त्यांच्यासमोर होते ते नोंदलेले रुग्ण, म्हणजे काही दिवसांपूर्वी ज्यांना लागण झाली होती ते. आज लागण झालेले लोक त्या आकड्यात नव्हते. साथ वाढत असताना कालचा आकडा पाहून उद्याचा निर्णय घेणे म्हणजे मागे पाहत गाडी पुढे हाकणे. हरिद्वारच्या इस्पितळातले मोजके रुग्ण आणि फिलाडेल्फियातले मोजके रुग्ण यांनी एकाच प्रकारे फसवले.

२४/
हेच गणित २०२० मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी सोप्या रूपात मांडले. समजा, हजारात एक मनुष्य बाधित आहे. दहा जणांच्या बैठकीत किमान एक बाधित असण्याची शक्यता १ टक्का. शंभर जणांच्या लग्नात सुमारे साडेनऊ टक्के. हजार जणांच्या सभेत ६३ टक्के. पाच हजारांच्या जमावात ९९ टक्क्यांहून अधिक. आता फिलाडेल्फिया घ्या. दहा हजारांत एकच बाधित धरला, तरी दोन लाखांच्या गर्दीत सरासरी वीस निघतात. तिथे ‘कोणी आजारी नसेलही’ ही आशा हिशेबातच बसत नाही.

२५/
मात्र हे गणित अर्धेच उत्तर देते. बाधित मनुष्य हजर असेल का, हे ते सांगते. तो किती जणांना रोग देईल, हे सांगत नाही. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाचे ६१ जण सुमारे अडीच तास सरावासाठी जमले. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे मरण पावले. माणसे थोडी, पण बंद खोली, मोठ्याने गाणे आणि लांबलेला वेळ. त्याच्या दोन आठवडे आधी बोस्टनमधील दोनशेच्या आसपास लोकांच्या एका व्यावसायिक परिषदेतून निघालेला विषाणू पुढे लाखो लोकांपर्यंत पोहोचल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसले. परिषदेला आलेले लोक विमानाने दूरदूर परतले होते. हरिद्वारचीच गोष्ट, फक्त बैलगाडीच्या जागी विमान.

२६/
आता १९१८ ची मुंबई पाहू, कारण तिथे या साऱ्या हिशेबाबाहेरची एक गोष्ट दिसते. १० जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. पहिली लाट ओसरली आणि सप्टेंबरात दुसरी, कितीतरी अधिक घातक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. फिलाडेल्फियाच्या सर्वांत काळ्या दिवसाच्या चार दिवस आधी, जवळपास तेवढीच. गावोगावी ही साथ ‘मानमोडी’ या नावाने लक्षात राहिली.

२७/
मुंबईतल्या त्या मृत्यूंमागे दोन लाखांची मिरवणूक दाखवता येत नाही. मग गर्दी कुठे होती? चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, गिरणीच्या खात्यात, गोदीत, नळावर. ही गर्दी सणाची वाट पाहत नाही, तिला कोणी परवानगी देत नाही आणि म्हणून तिचा धोका कोणी मोजतही नाही. त्या वर्षी शहरात इन्फ्लुएन्झाचा मृत्युदर ‘खालच्या’ म्हणून नोंदवलेल्या जातींत हजारी ६१.६ होता. युरोपीयांत तो ८.३ होता. रोग एकच, शहर एकच. फरक होता तो खोलीतल्या हवेचा, पोटातल्या अन्नाचा आणि शुश्रूषा करायला कोणी आहे की नाही याचा.

२८/
या तीन कथा शेजारी ठेवल्या की एक आकृती दिसते. सत्ताधाऱ्यांना परकी वाटणारी गर्दी, म्हणजे यात्रेकरू, हाजी, तिसऱ्या वर्गाचे उतारू, लवकर धोकादायक ठरते. सत्तेला हवी असलेली गर्दी, म्हणजे रोख्यांची मिरवणूक, उशिरा धोकादायक ठरते. आणि जिच्यावाचून शहर चालत नाही ती रोजची गर्दी बहुधा ठरतच नाही. धोक्याच्या मोजमापात विज्ञान असते, तशीच कोणाची गर्दी क्षम्य मानायची याची निवडही असते.

२९/
आपल्या काळातही हे ताडून पाहता येते. २०२० च्या आषाढीला पायी वारी झाली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. हा निर्णय अनेकांना जड गेला, पण त्यात रोगाची वाट ओळखलेली होती. वारीचा धोका एकादशीच्या एका दिवसाचा नसतो. तो अठरा-वीस दिवसांच्या प्रत्येक मुक्कामाचा आणि प्रत्येक गावातल्या पंगतीचा असतो. परंपरेचा धागा राखला गेला आणि धोक्याचा मार्ग टाळला गेला. ‘सगळे किंवा काहीच नाही’ यापलीकडचा तो पर्याय होता.

३०/
२०२१ च्या एप्रिलमध्ये हरिद्वारला पुन्हा कुंभ भरला, तोही दुसरी लाट चढत असताना. १२ आणि १४ एप्रिलला शाही स्नाने झाली आणि १७ एप्रिलला पंतप्रधानांनी उर्वरित मेळा प्रतीकात्मक ठेवण्याचे आवाहन केले. इथेही फिलाडेल्फियाइतकीच सावधगिरी हवी. लाट त्याआधीच, फेब्रुवारीपासून, विदर्भात आणि इतरत्र वाढू लागली होती. साऱ्या देशाच्या दुःखाचे खापर एका मेळ्यावर फोडता येत नाही. परंतु त्याच तीरावर, त्याच तारखेला, १८६७ साली काय घडले होते हे दफ्तरात नोंदलेले होते.

३१/
मग जमावाचा धोका कसा जोखावा? इतिहासाच्या आधारे चार प्रश्न पुढे ठेवता येतील. रोग कोणत्या वाटेने जातो: पाणी, पिसू की श्वास? आज दिसणारा आकडा किती दिवसांपूर्वीच्या लागणीचा आहे? जमलेली माणसे कुठून आली आणि कुठे परतणार? आणि आपण ज्या गर्दीकडे बोट दाखवत आहोत, तिच्याखेरीज दुसरी कोणती गर्दी रोज, नाइलाजाने, आपल्या डोळ्यांसमोर उभी आहे? ‘लोक किती?’ हा प्रश्न या चारांनंतर येतो.

३२/
चौथ्या प्रश्नासाठी एक शेवटचा आकडा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. कोरोनाची लागण होऊन गेल्याच्या खुणा झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांत आढळल्या, इतर वस्त्यांत १६ टक्क्यांत. तेव्हा यात्रा बंद होत्या, सभा बंद होत्या, लग्नांवर मर्यादा होती. सामायिक शौचालयापुढची रांग आणि आठ माणसांची खोली मात्र बंद करता येत नव्हती. १९१८ च्या मुंबईतले ६१.६ आणि ८.३ हे आकडे या शेजारी ठेवून पाहावेत. पुढच्या साथीची तयारी मेळ्यांच्या परवानग्यांपासून सुरू होईलच. ती या खोल्यांपर्यंत पोहोचते का, एवढे पाहायचे आहे.

धागा समाप्त.